सुताचं दुसरं टोक

हरिदास ताकसांडे कमी बोलायचा, आणि जे काही बोलायचा ते चव्वेचाळीस फुटांवरून.

वर्ध्यातल्या एका क्रीडा मंडळाच्या हॉलमध्ये तो बावीस वर्षं कामाला होता. हॉल एक आणि वाटेकरी दहा. आठवड्याच्या सुरुवातीला कबड्डीच्या गाद्या, मग योगवर्ग, मध्येच कुठल्याशा परीक्षेची बाकं, कधी साड्यांचं प्रदर्शन. बॅडमिंटनच्या वाट्याला फक्त शनिवार-रविवार. त्यामुळे लाकडी जमिनीवर कायमचे पट्टे रंगवायची सोय नव्हती, आणि सूत बांधायला खिळा ठोकायचं तर नावच काढायचं नाही. शुक्रवारी दुपारी हॉल रिकामा झाला की चव्वेचाळीस फूट लांबीची तीन कोर्टं नव्यानं आखायची, पिवळी चिकटपट्टी लावायची, खांब उभे करून जाळ्या ताणायच्या. सोमवारी सगळं उचलून जमीन पुन्हा कोरी करायची. नाटक मंडळी गावोगाव एका प्रयोगापुरता राजवाडा उभा करतात, तसंच हे. फरक एवढाच, की राजवाडा थोडा कलला तरी राजाचं काही अडत नाही.

हरिदासचे वडील केळझरचे गवंडी. सूत धरून सरळ रेघ मारायची आणि गुण्या लावून कोपरा काटकोनात आणायचा, एवढी विद्या त्यांच्याकडून आली. लग्न जमता जमता वय निघून गेलं. मंडळानं हॉलमागची खोली दिली, तेव्हा त्यानं पलंग एकाचाच घेतला.

पण सुताला टोकं दोन असतात. दुसरं टोक अनुसयाबाईच्या हातात असायचं. ती पवनारहून बसनं यायची, हॉल झाडायची, पुसायची आणि शुक्रवारी पलीकडच्या कोपऱ्यात मांडी घालून सुताचं टोक अंगठ्याखाली दाबून बसायची. बसली की तोंड सुरू. रिकाम्या हॉलमध्ये तिचा आवाज असा घुमायचा, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू जावा. मात्र ऐकायला हरिदास एकटाच.

"भाऊ, सून म्हणते मले, भाजीत मीठ जास्त झालं. म्या म्हटलं, तुह्या नवऱ्यानं जन्मभर हेच मीठ खाल्लं, तवा कुठं एवढा झाला!"

"ताण," हरिदास म्हणायचा.

"ताणूनच राह्यली ना जी! घरी सून ताणते, इथं तुम्ही ताणा."

"सोड."

अशी बावीस वर्षं गेली. ती चाळीस वाक्यं बोलायची, तो दोन शब्द. त्याला वाटायचं, संभाषण असंच असतं.

दिवाळीत अनुसयाबाईनं काम सोडलं. गुडघा साथ देईना. शाल, नारळ, आलूबोंडे झाले. मंडळाचे सचिव योगेंद्र शेठ, कापडाच्या दुकानाचे मालक, कडक इस्त्रीचा मनुष्य. त्यांनी विचारलं, "हरिदास, बाईच्या जागी कोणाले घ्याचं?"

"गरज नाई. एकट्यानं होते."

शेठना कौतुक वाटलं. सगळ्यांनाच वाटलं. खरं कारण हरिदासनं स्वतःलाही नीट सांगितलं नाही. त्या कोपऱ्यात दुसरं कोणी बसलेलं त्याला बघवलं नसतं, एवढंच ते होतं. पुढच्या शुक्रवारी त्यानं व्यायामशाळेतली वीस किलोची लोखंडी चकती आणली, सुताचं टोक तिच्याखाली दाबलं आणि दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. सवयीनं म्हणाला, "ताण." चकती काय ताणणार?

पाच महिने हे असं चाललं. शनिवारी येणारे डॉक्टर, वकील, बँकेतले साहेब खेळत राहिले. शटल बाहेर गेलं की भांडायचे, आणि दोष एकमेकांच्या डोळ्यांना द्यायचे.

मग एप्रिलमध्ये जिल्ह्याच्या शालेय निवडीचे सामने या हॉलमध्ये ठरले. आष्टी, सेलू, हिंगणघाटहून मुलं पहिल्या बसनं निघाली. पंच म्हणून नागपूरहून मोनाली मॅडम आल्या. वय तिशीचं, बोलणं मऊ, हातात स्टीलची मोजपट्टी. सकाळी सात वाजता त्यांनी पहिल्या कोर्टाची या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपी लांबी घेतली. मग दुसरी तिरपी घेतली. दोन्ही सारख्या यायला हव्यात. चार इंचांचा फरक निघाला.

दुसऱ्या कोर्टात तीन इंच. तिसरं त्यांनी मोजलंच नाही.

"काका, कोर्ट गुण्यात नाही. दहा वाजेपर्यंत दोन तरी नीट करून द्या. नाहीतर मला सामने नागपूरला न्यावे लागतील. मुलं एवढ्या लांबून आली आहेत हो."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हरिदासनं गुडघ्यावर बसून चकतीला हात लावला. सूत जोरात ताणलं की गुळगुळीत जमिनीवर ती सरकत होती. बावीस वर्षांत कोणी त्याच्या रेघेला वाकडं म्हटलं नव्हतं.

अनुसयाबाईनं जाताना त्याच्या खोलीच्या दारावर खडूनं आपला फोन नंबर लिहून ठेवला होता. त्यानं तो कधी लावला नव्हता. आज लावला.

"कोण?"

"मी हरिदास. हॉलातून."

"काऊन जी, कोणी मेलं का?"

"नाई. कोर्ट वाकडं झालं."

"किती?"

"चार इंच."

"अगं माय! सूत कोण धरते?"

"कोणीच नाई. चकती ठेवतो."

"दिवाळीपासून?" ती हसायला लागली आणि मग एकाएकी थांबली. "काऊन जी भाऊ? माणूस मागाचा ना."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. त्यानं हिंमत करून विचारलं, "येतं का? आजच्या दिवस?"

"नाई येत." आवाज खाली आला होता. "बसली तर उठता येत नाई मले आता. अन् ऐका. माही जागा काय देव्हारा हाय, रिकामी ठेवाले? समोर जो उभा दिसन त्याच्या हातात टोक द्या. ठेवते, भात लागून राह्यला."

हरिदास हॉलमध्ये परतला. समोर योगेंद्र शेठ उभे होते, पाहुण्यांसाठी म्हणून घातलेल्या पांढऱ्या पँटमध्ये.

"शेठ, हे धरा. खाली बसून."

"मी?"

"अंगठ्याखाली दाबा."

शेठनी इकडेतिकडे पाहिलं आणि बसले. पहिल्या दोन रेघा ढिल्या आल्या.

"ताणा."

"अबे, किती ताणू? कापड मोजाले असं ताणलं तर गिऱ्हाईक मारन मले!"

बाकावरची पोरं हसली. शेठही हसले. पावणेदहाला मोनाली मॅडमनी दोन्ही कोर्टांच्या तिरप्या लांब्या घेतल्या, त्या सारख्या भरल्या तशी मोजपट्टी गुंडाळली आणि हरिदासला नमस्कार केला. पहिली सर्व्हिस पडली. सगळ्या नजरा शटलमागे धावल्या, आणि रेघांकडे कोणीच पाहिलं नाही. बरोबर असलेल्या रेघांचं असंच असतं.

शेठ पँटवरची धूळ झटकत होते. हरिदास त्यांच्याजवळ गेला.

"शेठ, एक माणूस लागते."

"तूच तर म्हटलं होतं, एकट्यानं होते."

"खोटं बोललो होतो."

शेठनी त्याच्याकडे नीट पाहिलं. काऊन म्हणून विचारलं नाही. "पुढच्या शुक्रवारी पाठवतो," म्हणाले. हरिदासनं मान हलवली. अनुसयाबाई दिवाळीत गेली होती खरी, पण तिचा निरोपसमारंभ हरिदासपुरता आत्ता झाला.

शुक्रवारी नत्थूजी आले. शेठच्या दुकानातले जुने हमाल, साठीला टेकलेले, टोपी हातात. हरिदासनं त्यांना त्या कोपऱ्यात बसवलं, टोक दिलं आणि आपल्या जागी येऊन उभा राहिला. नत्थूजींनी सूत घट्ट धरलं. अगदी हवं तसं. पण ते काही बोलेनात. नजर जमिनीवर, तोंड मिटलेलं. हॉलमध्ये इतकी शांतता, की पंख्याचं करकरणं ऐकू यावं. इथं कोणीतरी आधी बोलायला लागतं, हे हरिदासला कळत होतं. त्यानं वाट पाहिली. मग विचारलं, "घरी कोणकोण असते जी तुमच्या?"

चव्वेचाळीस फुटांवर ते पोचलं नाही. नत्थूजींनी कानाला हात लावला.

"काय म्हटलं जी?"

हरिदासनं घसा साफ केला आणि पुन्हा विचारलं, या वेळी मोठ्यानं.