विरीत बांधलेल्या दोन काठ्या

जावयाने पाठवलेल्या त्या दोन काठ्या पहिल्यांदा बघितल्या तेव्हा मला वाटलं, छत्र्यांचं कापड कुणी काढून नेलं आणि दांडे तेवढे आम्हाला पाठवले. नळीत नळी, तिच्यात आणखी एक नळी, मध्ये खटके, वर मनगटात अडकवायचा पट्टा, खाली लोखंडी टोक आणि त्यावर रबरी टोपण. डोंगर चढायच्या काठ्या म्हणे. आमच्या नागावात माणूस काठी हातात घेतो ती कुत्रं हाकलायला, आणि तीही एकच.

पण मला त्या लागणार होत्या. पाच वर्षांपूर्वी आम्ही नवरा-बायको उत्तराखंडात डोंगरावरच्या एका देवळाला गेलो होतो. बायको पायी चढली. माझा गुडघा अर्ध्या वाटेत अडकला आणि मला खेचरावर बसवलं. त्याच वेळी कुणीतरी फोटो काढला. मी खेचरावर, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं, आणि बाजूला बायको पदर खोचून चाललीय. तो फोटो तिने फ्रेम करून ओटीवर लावला. आल्यागेल्याला चहाच्या आधी तो दाखवते. साठीपर्यंत मी माडावर चढलेला माणूस, आणि माझी ओळख काय, तर खेचरावरचा.

म्हणून मी ठरवलं, पुन्हा जायचं आणि पायी जायचं. मुलगी देहरादूनला असते. ती आणि जावई बरोबर येणार होते. डॉक्टर म्हणाला, दोन्ही हातांत काठ्या असतील तर जा, नाहीतर जाऊ नका. बायको म्हणाली, "मी घरीच बरी. खेचराला माझा नमस्कार सांगा."

मुलगा अलिबागला कचेरीत आहे. काठ्या विमानातून कशा न्यायच्या याचा व्हिडिओ तो दोन दिवस बघत होता. काठी कशी बांधावी हे शिकवायला पण आता मास्तर लागतो. शेवटी त्याने खटके सोडवून काठ्या आखूड केल्या, फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकात गुंडाळल्या आणि मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मध्ये तिरक्या ठेवल्या.

"अण्णा, ही बॅग काउंटरवर द्यायची. काठ्या हातात न्यायच्या न्हाईत."

मी चौथीपर्यंत शिकलो, पण एवढं मला कळतं की ज्याच्यावर चालायचं ते दुसऱ्याच्या हवाली करू नये. सकाळी तो रिक्षा बघायला गेला तेवढ्यात मी काठ्या बाहेर काढल्या. प्लास्टिक फेकून दिलं. रबरी टोपणांवर माझा विश्वास नव्हता, म्हणून नारळाच्या सोडणाचे दोन तुकडे कापून त्यांच्यावरून ठोकून बसवले. सोडण म्हणजे आमच्या वाडीतला फुकटचा कापूस, नारळ उंचावरून पडतो तरी आतलं खोबरं फुटत नाही ते त्याच्यामुळे. मुलगा परत आला, सोडण ओढून बघितलं, निघत नाही म्हटल्यावर बॅग बंद केली. माझ्यावर गेलाय.

रेवसला त्याने मला लाँचमध्ये बसवून दिलं. समोर एक कोळीण पाटी घेऊन बसली होती. माझ्याकडे बघितलं, काठ्यांकडे बघितलं, सोडणाकडे बघितलं.

"दोन-दोन काठ्या? बाबा, आता चार पायांवर जायचं हाय का?"

सगळी लाँच हसली. मी काठ्या मांडीखाली घेतल्या आणि भाऊच्या धक्क्यापर्यंत पाण्याकडे बघत बसलो.

विमानतळावर मोठी बॅग दिली. हातात एक कापडी पिशवी आणि दोन काठ्या. तपासणीला पट्टा, घड्याळ, चप्पल सगळं काढायला लावलं. एवढं अंगावरचं मी डॉक्टरपुढेही उतरवलं नव्हतं. तिथला साहेब आपला मराठीच होता. त्याने काठ्या उचलल्या, सोडण हुंगलं आणि विचारलं, "आजोबा, चालायला काठी लागते का तुम्हाला?"

तो मला वाट काढून देत होता हे मला तेव्हाच कळलं. हो म्हटलं असतं तर भागलं असतं. पण मागे रांगेत पन्नास माणसं, आणि कानात त्या कोळणीचं बोलणं.

"मला? मला कशाला लागते काठी?" मी म्हणालो. वर दहा पावलं चालून दाखवली.

"मग हे ट्रेकिंगचं सामान झालं," तो म्हणाला. "हे आत नेता येणार नाही. इथे सोडा, नाहीतर काउंटरवर देऊन या."

सोडून गेलो तर वर पुन्हा खेचर. चप्पल घातली आणि उलटा काउंटरवर गेलो. तिथली मुलगी म्हणाली, अशा उघड्या काठ्या घेणार नाही, दुसऱ्यांच्या बॅगा फाटतील. पलीकडे प्लास्टिक गुंडाळून देणारा बसलाय, त्याच्याकडे जा. पुन्हा प्लास्टिकच. मी म्हटलं, पोरी, थांब जरा.

कापडी पिशवीत बायकोने लेकीसाठी बिरड्याचे वाल आणि आंब्याची साठं दिली होती, आणि ती पोफळीच्या विरीत काथ्याच्या सुंभाने बांधलेली होती. विरी म्हणजे पोफळीची झावळ जिथे खोडाला धरते तिथलं रुंद सालपट. सुकं असताना वाकवलं तर तडकतं, पण भिजवलं की चामड्यासारखं मऊ होतं, आणि पुन्हा सुकलं की ज्या आकारात बांधलं त्याच आकारात लाकडासारखं घट्ट बसतं. वाल आणि साठं पिशवीत मोकळी केली आणि विरी घेऊन संडासाच्या बाहेरच्या नळाखाली गेलो. तो नळही शहाणा, हात धरला तर पाणी देतो, विरी धरली तर देत नाही. एका हाताने नळाला फसवत अर्धा तास विरी भिजवली. सुटाबुटातली माणसं हात धुवायला येत आणि मला बघून हात न धुताच जात.

मग काउंटरसमोर फरशीवर बसलो, काठ्या विरीत गुंडाळल्या आणि सुंभाने आवळल्या. गाठ मारली ती माडावर चढताना मारतो ती, जिच्यावर मी चाळीस वर्षं जीव टाकला. त्या मुलीने बोचकं उचललं, दाबलं, हलवलं. आत काही वाजलं नाही.

"कुठे शिकलात हे?" तिने विचारलं.

"व्हिडिओ बघून," मी म्हणालो.

देहरादूनला पट्ट्यावर दुसऱ्यांच्या बॅगा येत होत्या, कुणाचं चाक गेलेलं, कुणाचा कान तुटलेला. माझी विरी आली ती सुकून पेटीसारखी झालेली. जावई खिशातला चाकू काढायला लागला, त्याला हात लावू दिला नाही. गाठ मीच सोडली. काठ्यांवर ओरखडा नव्हता.

डोंगराच्या पायथ्याशी टोकाला लोखंड लावलेल्या साध्या बांबूच्या काठ्यांचे ढीग लागले होते. वाटेल तेवढ्या घ्या. मी जावयाकडे बघितलं, तो देवळाच्या दिशेने बघायला लागला.

चढलो. गुडघा दोनदा ओरडला, मी थांबलो, पुन्हा चढलो. एक खेचरवाला बराच वेळ आशेने मागे होता, तोच शेवटी कंटाळून उतरला. वर लेकीने फोटो काढला.

परतीला देहरादूनच्या विमानतळावरही तिथल्या साहेबाने तेच विचारलं. सोडण डोंगरात झिजून गेलं होतं, नुसती रबरी टोपणं होती.

"गुडघे गेलेत माझे," मी म्हणालो. "ह्यांच्याशिवाय पाऊल टाकता येत नाही."

सगळ्या रांगेने ऐकलं. त्याने टोपणं दाबून बघितली आणि जाऊ दिलं.

घरी बायकोने नवा फोटो हातात घेतला, चष्मा लावला, बराच वेळ बघितला.

"चार पाय दिसतायत की," ती म्हणाली.

"मागच्या वेळी पण चार होते," मी म्हणालो. "या वेळचे माझे हायेत."

नवा फोटो ओटीवर लागला. जुना मात्र तिने काढू दिलेला नाही. चहाच्या आधी आता दोन्ही दाखवते, आणि सुरुवात खेचरापासूनच करते.