एका बाईमागं किती लेकरं

हिंगोलीला एका प्रशिक्षणात भिंतीवर मोठा तक्ता टांगला होता. गरीब देशांत बालवाडीच्या किती लेकरांमागे एक शिकलेली शिक्षिका असते, त्याची तुलना होती. साहेब छडीनं आफ्रिकेतले देश दाखवत म्हणाला, "बघा, आपण यांच्यापेक्षा कितीतरी बरे." समोर बसलेल्या बायांनी माना डोलावल्या. मला तो तक्ता टराटरा फाडावासा वाटला. असले आकडे कसे तयार होतात ते मला चांगलं ठाऊक होतं. असला एक आकडा तर मीच करून दिला होता.

जिल्हा नवा नवा झाला होता तेव्हा जवळा बाजारच्या पुढं एका गावात मी अंगणवाडी चालवायचे. हजेरीपटावर बासष्ट लेकरं, निम्मी गावातली, निम्मी ओढ्यापलीकडच्या तांड्यावरची. प्रशिक्षण झालेली मी एकटी. मदतीला एक मावशी होती. ती खिचडी शिजवायची, नाकं पुसायची आणि सहीच्या जागी अंगठा उठवायची. तांड्यावरची लेकरं गोरमाटी, त्यांची बंजारा बोली, बोलायची. मी काही विचारलं की नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहायची. त्यांच्याजवळ बसायला मला वेळ नसायचा, आणि खोटं कशाला बोलू, इच्छाही नसायची. एकटीनं बासष्ट लेकरं सांभाळायची म्हणजे शिकवणं नव्हे, राखणदारी.

तांड्यावरच्या एका आईनं मात्र माझा पिच्छा पुरवला होता. तिची थोरली लेक, मराठी कळत नाही म्हणून, पहिलीत मागच्या ओळीत बसून राहिली आणि शेवटी शेळ्यांमागं गेली. धाकटीचं तसं होऊ नये म्हणून तिला तांड्यावर वेगळी अंगणवाडी आणि वेगळी बाई हवी होती. तिनं दारोदार फिरून अर्जावर अंगठे गोळा केले. अखेर तपासणी ठरली. लेकरं किती आणि शिकलेल्या बाया किती, हे तालुक्याचा साहेब येऊन मोजणार होता.

आदल्या दिवशी आमच्यावरची पर्यवेक्षिका आली. नाकाला रुमाल लावून उभी राहिली. "ती तांड्याची उघडी-नागडी लेकरं उद्या नकोत. भेटीच्या दिवशी सगळीकडे असंच करतात. आणि मावशीला चांगलं लुगडं नेसवून हजेरीपट घेऊन बसव. गोंधळ दिसला तर तू घरी." वर्षानुवर्षं सगळं उत्तम चाललंय असं तीच वर लिहून पाठवत होती, म्हणून एवढा जीव घाबरला होता तिचा. मी "बरं मॅडम" म्हणाले.

सकाळी बघते तर ती आई दारात. मागं तांड्यावरची झाडून सगळी लेकरं. कुणी उघडं-नागडं नव्हतं. केसांना तेल, धाकटीच्या वेण्यांना लाल रिबिनी.

"आज यांना सुट्टी आहे," मी म्हणाले.

"काहून बाई? आजच तर मोजून राहिले ना?"

"मी सांगते सायबाला. तुमी जा."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. लेकरं वळवून पुन्हा ओढ्यापलीकडं घेऊन गेली.

साहेबानं एकोणतीस लेकरं मोजली. मावशीकडं बोट दाखवून विचारलं, "या शिकवतात?" पर्यवेक्षिका म्हणाली, "दोघीही प्रशिक्षित आहेत, सर." मावशीनं घाबरून माझ्याकडं पाहिलं. मला तोंड होतं. मी ते मिटून घेतलं आणि दाखवतील तिथं सही केली. साहेब चहा-बिस्किटं खाऊन, ओढ्याकडं ढुंकूनही न बघता निघून गेला. पुढं पत्र आलं की, लेकरांच्या मानानं शिक्षिका पुरेशा आहेत, तांड्याला वेगळ्या केंद्राची गरज नाही. त्या पर्यवेक्षिकेचा राग मला अजून येतो, पण सहीतलं अक्षर तिचं नव्हतं.

धाकटी पहिलीत गेली आणि मागच्याच ओळीत बसली. दिवाळीच्या आत शाळेच्या पटावरून तिचं नाव कमी झालं. हजेरीच्या कामासाठी मला तांड्यावर जावंच लागलं, तेव्हा ती आई अंगणात शेण कालवत होती. धाकटी शेळ्या सोडत होती.

"बाई, तुमी सायबाला सांगितलं व्हतं ना?"

"व्हय, सांगितलं व्हतं."

"मंग सायबच बेइमान," ती म्हणाली. तिनं हात धुतले, मला बाज टाकून दिली आणि शेळीच्या दुधाचा चहा केला. मी तो पूर्ण प्यायले.