नाहीसाहेब

बँकेत त्यांना सगळे नाहीसाहेब म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना माहीत होतं. कर्जाचे अर्ज तपासण्याचं काम त्यांनी एकवीस वर्षं केलं आणि त्यातले बहुतेक अर्ज परत पाठवले. आकस कुणाशीच नव्हता. नियमात बसत नाही म्हणजे बसत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. समोरचा माणूस रडायला लागला की ते पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवत आणि पुढची फाइल उघडत.

मग बँकेनं ती शाखाच बंद केली आणि थोडी रक्कम हातावर ठेवून सगळ्यांना घरी पाठवलं. त्याच सुमारास मेव्हण्याचा छापखाना बुडाला. त्याच्या कर्जाला जामीन नाहीसाहेब होते. आयुष्यात एकदाच त्यांनी नियम न बघता सही केली होती, तीही बायको दोन दिवस बोलत नव्हती म्हणून. हातावरची रक्कम त्यात गेली, वर पतही गेली. जुनी गाडी घ्यायला त्यांनी आपल्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत अर्ज केला. तो नामंजूर होऊन आला. नाहीसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि बायकोला सांगितलं, की निर्णय बरोबर आहे.

शहराबाहेरच्या रस्त्यावर, टायरच्या दुकानाला लागून, जुन्या गाड्यांचं एक आवार होतं. बँकेनं हाकललेल्यांना तिथं हप्त्यावर गाडी मिळे. मालकानं त्यांची सगळी हकिगत ऐकून घेतली आणि विचारलं, तुम्ही ज्यांना नाही म्हणालात त्यातले खरे बुडवे किती? नाहीसाहेबांनी जरा विचार करून सांगितलं, की ते कधी कळलंच नाही, कारण त्यांना कर्ज दिलंच नव्हतं. मालकाला हे उत्तर आवडलं. त्यानं गाडी दिली नाही, नोकरी दिली.

गाडी दाखवायची, हप्ता ठरवायचा आणि हप्ते थकले की दुसरी किल्ली घेऊन जाऊन गाडी ओढून आणायची, असं काम होतं. व्याज बँकेपेक्षा बरंच जास्त होतं. नाहीसाहेब ते आधीच मोठ्या अक्षरात लिहून दाखवत. गिऱ्हाईक पळेल अशी मालकाला धास्ती होती. कुणी पळालं नाही, कारण जायला दुसरीकडे जागाच नव्हती.

एक दिवस पडदे शिवणारी एक बाई आली. व्हॅन हवी होती.

"नऊ वर्षांपूर्वी तुम्ही माझा अर्ज परत पाठवला होता," ती म्हणाली.

"पगाराची पावती नसेल."

"नव्हती. आताही नाही. मला पगार कोण देणार?"

आठ फुटी दांडे घेऊन बसमध्ये चढू देत नाहीत, म्हणून ही नऊ वर्षं ती कामावर चालत जात होती. ही माहिती लिहायला फॉर्मवर रकाना नव्हता. नाहीसाहेबांनी ती समासात लिहिली आणि व्हॅन दिली.

तीन हप्ते वेळेवर आले, पुढचे दोन आले नाहीत. एका हॉटेलनं चाळीस पडदे लावून घेतले होते आणि पैसे द्यायचं नाव काढत नव्हतं. मालक म्हणाला, गाडी घेऊन या.

व्हॅन एका इमारतीखाली सापडली. किल्ली लागली, इंजिन चालू झालं. पण मागे पडद्यांचे गठ्ठे होते, आणि ते काही कर्जात धरलेले नव्हते. नाहीसाहेबांनी इंजिन बंद केलं आणि सामान उतरवून घ्या असं सांगायला ते वॉचमनला विचारून तिसऱ्या मजल्यावर गेले. तिथं दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यात ती शिडीवर उभी होती, तोंडात पडद्याचे हूक. त्यांच्या हातातली किल्ली बघून तिनं हूक तळहातावर काढले.

"न्यायला आलात?"

"हो."

"मग हे दुसरं टोक धरा. सात खिडक्या झाल्या की पैसे मिळतील."

त्यांनी धरलं. दोन तास धरलं. 'अर्जदाराचा व्यवसाय' हे शब्द त्यांनी हजारो वेळा वाचले होते, पण त्यात इतकं वजन असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. खांदे भरून आले. डॉक्टरनं पैसे दिले, त्यातून एक हप्ता सुटला. शिडीच्या पायरीवर कागद ठेवून त्यांनी पावती लिहिली.

"आणि गाडी?" तिनं विचारलं.

नाहीसाहेबांनी पावती तिच्या हातात दिली. मग त्यांनी हॉटेलचा पत्ता मागितला. "थकबाकीचं पत्र मला लिहिता येतं," ते म्हणाले.

पत्र दीड पानाचं होतं. एकही कठोर शब्द नव्हता, फक्त कलमं होती. आठव्या दिवशी हॉटेलनं पैसे चुकते केले.

गाडी आणली नाही म्हणून आधी मालक चिडला. मग त्यानं हिशेब केला, की गाडी ओढून आणायला माणूस लागतो, तेल लागतं, दिवस जातो. पत्राला कागद लागतो. तेव्हापासून कुणाचा हप्ता थकला की नाहीसाहेब आधी विचारतात, तुमचं कुणाकडे अडकलंय? पडदेवालीनं पाचव्या वर्षी सगळं फेडलं आणि कागद घेऊन गेली. घाईत होती, चहालाही थांबली नाही.

सगळेच तसे निघाले नाहीत. एका गायकाला त्यांनी स्वतःच्या भरवशावर लाल गाडी दिली. तो पहिल्याच आठवड्यात गाडीसकट नाहीसा झाला. मालकानं तीन महिने पगारातून पैसे कापले. नाहीसाहेबांनी फाइलीवर लिहिलं, 'निर्णय चुकीचा, माझा,' आणि खाली सही केली.

गायकाचा अजून पत्ता नाही. आवाज मात्र चांगला होता, असं नाहीसाहेब म्हणतात.