न्यानमावशींचा गरम भात

न्यानमावशी पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या तेव्हा समोरच्या तळ्यातली बदकं पलीकडच्या काठाला गेली, दोन स्कूटरी चालता चालता बंद पडल्या आणि शेजारच्या शाळेत प्रार्थना थांबली. मी बदली होऊन उत्तर व्हिएतनाममधल्या नाम दिन्हला आलो होतो आणि भुकेजून त्यांच्या खानावळीच्या दारात एकटाच उभा होतो.

"एकटा? घरातले सगळे मेले की काय?"

"नाही मावशी, गावाकडे आहेत."

"मग भुतासारखा एकटा काय जेवतोस? बस त्या पाचांत!"

त्यांच्याकडे जेवण सहा जणांच्या परातीवर. घरातले सहा नसले तर मावशी रस्त्यावरून जमवायच्या. मध्ये आटवलेला मासा, उकडलेली पालेभाजी, टोमॅटोतला टोफू आणि फिश सॉसची एकच वाटी. सहाही जणांच्या जेवायच्या काड्या तिच्यातच. माझ्या शेजारी घटस्फोट चाललेलं जोडपं होतं. मासा मात्र त्यांनी फार समजुतीनं वाटून घेतला.

भाताच्या पातेल्यापाशी स्वतः मावशी. ही जागा खरी सुनेची. सगळ्यांच्या वाट्या भरायच्या, आणि आपली उचलली रे उचलली की कुणीतरी रिकामी वाटी पुढे करणारच. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूनं त्यांना तिथे बसवलं. पुढे सासू गेली, नवरा गेला, घराची खानावळ झाली, पण मावशी पातेल्यापाशीच.

"जन्मभर गार भात खाल्ला," त्या म्हणायच्या. "विन्हची बायको आली की मी त्या टोकाला बसणार आणि एक वाटी गरम खाणार. मग मेले तरी चालेल."

विन्ह त्यांचा मुलगा. त्याच्यासाठी मावशींनी सगळी देवळं आणि गिऱ्हाइकांतल्या सगळ्या मुली पालथ्या घातल्या. शेवटी त्यानंच दूर दक्षिणेतल्या सायगॉनहून थोआला आणलं. ही पोरगी वाढली ती रस्त्याकडेला, आपापली ताटली घेऊन जेवत.

लग्नानंतरच्या पहिल्या जेवणाला मावशी रेशमी झगा घालून टोकाला, माझ्या शेजारी बसल्या. थोआनं पातेल्याचं झाकण काढलं, एकच भरगच्च डाव घातला आणि वाफाळती वाटी सासूपुढे ठेवली.

सगळ्यांच्या काड्या हवेतच राहिल्या. इथे एका डावाची वाटी मेलेल्या माणसाची, पितरांच्या पूजेत ठेवायची. जिवंत माणसाला निदान दोन डाव लागतात. दुसऱ्यात चार शितं असली तरी चालतील.

"अगं, मी जिवंत आहे!"

"आई, एकातच वाटी भरली. दुसरा कशाला?"

"मी श्वास घेते म्हणून!"

"खा ना आई, गरम आहे," विन्ह पुटपुटला.

"तू गप रे! तुझ्या बापालासुद्धा एका डावासाठी आधी मरावं लागलं!"

मावशी उठल्या, डाव हिसकावला आणि पातेल्यापाशी बसल्या. थोआला माझ्या शेजारी ढकललं. तिनं तीन वाट्या खाल्ल्या, तिन्ही गरम.

थोआ आठवड्याभरात दोन डाव वाढायला शिकली. पण मावशींचा विश्वास उडाला तो उडालाच; पातेल्यापाशी पुन्हा त्याच. "पहिला बरा घालते," त्या मला सांगायच्या, "दुसरा मनापासून नसतो." आणि गार झालेली वाटी तोंडाला लावायच्या.

गेल्या हिवाळ्यात मावशी झोपेतच गेल्या. थोआनं पूजेत त्यांची वाटी ठेवली. एकाच डावात भरलेली. वाफ येत होती.