पहिल्या चहाचा मान

वत्सलामावशींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या रांगत होत्या. वय साठीच्या पुढे, पदर कमरेला खोचलेला, आणि दोन्ही हात फरशीवर टेकून बाई पाळणाघराच्या खोलीत भिंतीकडेने सरकत होत्या. निगडीच्या त्यांच्या पाळणाघरात मी काम मागायला गेले होते, बालवाडीच्या कोर्सचं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या फाइलीत घालून. मला वाटलं, बाई पडल्या. धावत जाऊन मी त्यांना उठवायला लागले, तर त्या खालूनच म्हणाल्या, "मला काय उचलायलीस? तूच बस खाली. रांग."

सर्टिफिकेट खिडकीत ठेवलं आणि रांगले. नोकरी मिळाली. ते सर्टिफिकेट त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं नाही, पण त्या दिवसापासून मला 'मॅडम' म्हणायला लागल्या. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, याचा मला कधी पत्ता लागला नाही.

मुलं यायच्या आधी ही फेरी रोज व्हायची. "आपण उभ्यानं बघतो, लेकरू बसून बघतंय," असं त्यांचं म्हणणं. मूळच्या लातूरकडच्या, नवऱ्याला कंपनीत नोकरी लागली म्हणून इकडे आल्या आणि तो वारल्यावरही इथेच राहिल्या, पण बोलणं गावाकडचंच राहिलं. फेरीत काय वाट्टेल ते सापडायचं. टिकली, शर्टाचं बटण, शेंगदाणा, रिमोटमधला चपटा सेल. पहिल्याच आठवड्यात मला कपाटाखाली एक टाचणी सापडली. आदल्या दिवशी मी हौसेने फळांचा तक्ता लावला होता, त्याचीच. मी ती गुपचूप ओढणीच्या टोकात बांधून टाकली.

दहा वाजता आमचा चहा व्हायचा. कपात ओतण्याआधी मावशी पातेलं हातात धरून विचारायच्या, "आज पहिला कुणाचा?" त्या दिवशी स्वयंपाक करणारी पुष्पा लगेच म्हणाली, "माझा. भाताचं पातेलं दारापाशीच ठेवलं होतं मी. पोळलं असतं कुणीतरी." मावशींनी पहिला कप तिच्यापुढे ठेवला. ओरडा नाही, कपाळावर आठी नाही. मग उद्यापासून पातेलं कुठे ठेवायचं याची दोघींनी चर्चा केली. चूक सांगितली की चहा, हे मला अजबच वाटलं. जरा वेळाने मी ओढणीची गाठ सोडली.

"आज दोन पहिले," मावशी म्हणाल्या आणि चहा झाल्यावर तक्त्याच्या उरलेल्या टाचण्या काढून चिकटपट्ट्या लावत बसल्या.

"आणि लपवणाऱ्याला काय देता?" मी एकदा विचारलं.

"त्याला काय देऊ? तो कुठं दिसायलाय?"

फाटकावरचा त्यांचा कायदा मात्र कडक होता. आमच्याकडच्या मुलांचे बहुतेक वडील चाकणच्या कंपन्यांत. शिफ्ट सुटली की फाटकाशी दुचाक्यांची रांग. सगळ्यांचे शर्ट निळे, सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट. "हेल्मेट काढा, तोंड दाखवा, मग लेकरू," असा मावशींचा हुकूम. एखादा वैतागायचा, "रोजचाच की मी, मावशी." मावशी म्हणायच्या, "रोजचा हाईस तर रोज दाखव."

दुसऱ्या वर्षी त्यांनी फाटक माझ्याकडे दिलं. मी ही बातमी घरी तीन वेळा सांगितली. तिसऱ्यांदा नवरा म्हणाला, "कळलं गं, फाटकवाली." असा माझा तोरा.

आणि पंधरा दिवसांत मी माती खाल्ली. स्वरा नावाची दोन वर्षांची मुलगी माझ्या खांद्यावर झोपली होती. दुसरा एक मुलगा सँडलसाठी रडून गोंधळ घालत होता. फाटकाशी निळा शर्ट, डोक्यावर हेल्मेट, काच खाली. आतून आवाज आला, "आलो हं." मी स्वराला त्या हातांत दिलं. गाडी गेली. फाटकाची कडी लावताना माझ्या लक्षात आलं की मी तोंड पाहिलेलंच नाही. फोन करायला हात उचलेना, कारण विचारायचं काय? तुमची मुलगी मी कुणाला दिली? वीस मिनिटं मी तशीच उभी होते. मग तिच्या आईने मोबाइलवर फोटो पाठवला, स्वरा खिचडी खाताना. बापच होता तो.

दुसऱ्या दिवशी मावशींनी पातेलं हातात धरून विचारलं, "आज पहिला कुणाचा?" झालं तर काही नव्हतंच, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला माझं फाटक जाऊ द्यायचं नव्हतं. मी मुकाट दुसरा कप घेतला.

महिनाभर मी दुसरा, तिसरा कप पीत राहिले. तेवढ्यात मावशींच्या मूत्रपिंडाचं दुखणं बळावलं आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. दुपारी मी थर्मासमधून चहा घेऊन जायचे. डॉक्टरांनी दोनच घोटांची परवानगी दिली होती. त्या दिवशी मी थर्मासचं झाकण काढत होते, तर त्या छताकडे बघत म्हणाल्या, "मॅडम, आज पहिला माझा."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

"हितं यायच्या आधी मी दुसऱ्या पाळणाघरात आया होते. न्हाणीच्या दाराची कडी लागत नव्हती. आठ दिवस मला ठाऊक होतं. पण आधी एकदा माझ्या हातनं बरणी फुटली, तर बाईंनी समद्यांपुढं मला झापलं होतं. म्हणलं, आता कडीचं सांगावं तर माझ्यावरच येईल. गप बसले." त्यांनी अंगावरची चादर वर ओढून घेतली. "दीड वर्साचं लेकरू. बादलीत पाणी तरी किती, इतकुसं. मला कुणी इचारलंच नाही. मग मीबी कुणाला सांगितलं नाही. आज तुला सांगायलेय."

पहिला कप मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोन घोट घेतले आणि उरलेला चहा छातीशी धरून बसल्या. माझ्या ओठांवर स्वराचं नाव आलं होतं. पण बाई किती थकल्यात, आज आपलं ओझं नको, उद्या सांगू, असं म्हणून मी थर्मास बंद केला. आज मला कळतं, तो विचार त्यांच्यासाठी नव्हता. मी भ्यायले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. मावशी गेल्या.

पाळणाघर पुन्हा उघडलं त्या दिवशी दहाच्या चहाला पुष्पा पातेलं घेऊन उभी राहिली. विचारायचं कुणी, तेच कुणाला कळेना. मी म्हटलं, "माझा," आणि सगळं सांगितलं. पुष्पाने पहिला कप माझ्यापुढे ठेवला. तो मी तसाच निवू दिला.

संध्याकाळी स्वराचे वडील आले. त्यांनाही सांगितलं. हेल्मेट हातात धरून ते ऐकत राहिले. "आणि हे आता सांगताय?" एवढंच म्हणाले. स्वराला पुढे बसवून निघून गेले. उद्या मुलगी येणार नाही, असं मी धरून चालले.

सकाळी मी एकटीच रांगले. पुष्पाचे गुडघेही आता कुरकुरतात. मग फाटक वाजलं. स्वराच्या वडिलांनी गाडी कोपऱ्यावरच लावली होती आणि स्वराला कडेवर घेऊन, हेल्मेट हातात धरून ते चालत आले होते. "बघा तोंड," ते म्हणाले. मी पाहिलं, स्वराला घेतलं आणि मला रडू आवरेना. त्यांना वाटलं, मुलगी परत आली म्हणून रडतेय. कसं सांगू? मी पुष्पाला सांगितलं, त्यांना सांगितलं, आता तुम्हालाही सांगितलं. मावशींना सांगायचं होतं, तेवढं राहिलं.