गुणाजीच्या छातीतली सुई

चौलच्या वाड्यांमध्ये सुपारी उतरवायची म्हटली की गुणाजीला बोलावणं यायचं. पायात दोरीचा फास अडकवून, खोड छातीशी कवटाळून तो सरसर वर जाई. एकदा वाळकी झावळी घसरून त्याच्या छातीवर ओरखडा पडला. जखम भरली, पण वण वाढायचा काही थांबेना. जखमेच्या कडा ओलांडून तो फुगत गेला, टणक झाला. घाम आला की खाज सुटे आणि खोड छातीला लागलं की कळ डोक्यात जाई. गुणाजीचं झाडावर चढणं बंद झालं.

बायको जनी त्याला अलिबागला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर रचना म्हणाल्या, "वणातच इंजेक्शन द्यावं लागेल. हळूहळू मऊ पडेल."

गांधीलमाशा चावल्या तरी हूं की चूं न करणारा गुणाजी त्या दिवशी असा ओरडला, की बाहेर बसलेली जनी धावत आत आली.

"परत न्हाय येणार," वाटेत त्याने सांगून टाकलं. पण घरी आल्यावर त्याच्या डोक्यात भलताच किडा वळवळू लागला. सुई टोचली तेव्हा फारसं दुखलंच नव्हतं. दुखलं ते औषध आत जाताना. असं का?

तेवढं विचारायला म्हणून तो पुन्हा गेला.

डॉक्टर हसल्या. "वण फार घट्ट असतो, गुणाजीभाऊ. आत जागाच नाही. औषध शिरलं की ताण पडतो. या वेळी मी अगदी थोडं थोडं सोडते. आधी बर्फ लावू. शिवाय कातडीवर धरायचं हे थरथरणारं यंत्रही आहे."

"दोन्ही एकदम नको. कशानं काय होतं ते कळाया नको का? एका टोकाला बर्फ, दुसऱ्या टोकाला यंत्र."

डॉक्टरांना गंमत वाटली. "चालेल. मला खरं खरं सांगायचं मात्र."

बर्फाच्या बाजूला सुई गेलेली त्याला जेमतेम कळली, औषधाचा ताण मात्र जाणवला. यंत्राच्या बाजूला टोचलेलं कळलं, पण ताण बोथट झाला.

"थरथर आणि दुखणं दोन्ही एकदम मेंदूकडे निघतात," डॉक्टर म्हणाल्या. "थरथरीच्या गर्दीत दुखणं थोडं मागे पडतं, असं मानतात."

गुणाजी उठूनच बसला. "म्हंजे पाय आपटला की आपण चोळतो, ते ह्याच्यासाठीच व्हय?"

"तसंच काहीसं."

पुढच्या खेपेपासून बर्फ आणि यंत्र दोन्ही एकत्र. मधल्या टणक भागात तरीही कळ येई. गुणाजी दात आवळून पडून राही, आणि मग कुठे किती दुखलं ते डॉक्टरांना बोट ठेवून सांगे. काही महिन्यांत वण मऊ पडला. औषध सहज शिरू लागलं, तसा मधला भागही पूर्वीइतका दुखेना.

पावसाळा सरल्यावर डॉक्टरांनी चढायला परवानगी दिली, छातीला जाड कापड बांधायच्या अटीवर. जनी झाडाखाली मान वर करून उभी राहिली.

"दुखतंय का वो?"

शेंड्यावर गुणाजीने झाड मागेपुढे झुलवलं, झोक्यासरशी शेजारच्या सुपारीचा शेंडा पकडला आणि पलीकडे गेला.

"धनी, विचारतेय मी!"

"थांब गं," तो वरून ओरडला, "अजून एक झाड बघून सांगतो."