रंगाची पेटी

"चल रे राणी, रंगव हात!" मॅनेजर म्हणाला आणि सोळा बायकांसमोर त्याने माझी रंगाची पेटी पायाने माझ्याकडे सरकवली.

पायाने. त्या पेटीला नमस्कार केल्याशिवाय आम्ही तोंडाला रंग लावत नाही.

मी राणी कसा, ते सांगतो. दिवसा वालावलजवळच्या काजू कारखान्यात बिया उकडायचो, जत्रांच्या दिवसांत दशावतारात राणी व्हायचो. मिशी उतरवली की असा देखणा दिसायचो की बायकोचा जळफळाट व्हायचा! म्हणून मॅनेजरने पेटी आणायला सांगितली, तेव्हा मी खुळा खूश. साहेबलोकांपुढे प्रयोग! साडी इस्त्री करून नेली.

प्रयोग निराळाच होता. आमचे काजूगर परदेशी जात. ते घेणाऱ्या कंपनीची बाई मुंबईहून कामगारांचे हात बघायला येणार होती. बी फोडताना सालीतलं तेल लागतं. कातडी भाजते, काळी पडते, सोलवटते. हातमोजे द्या, असं कंपनीने केव्हाच कळवलेलं. पण मोज्यांनी बोटं मंदावतात. मॅनेजरने ते आणलेच नाहीत. त्यापेक्षा माझा रंग बरा.

मी नाही म्हटलं नाही. लाज वाटते ती याचीच. त्या बायकांचा एकेक हात मांडीवर घेऊन रंगवत गेलो. शेवटी माझी थोरली बहीण, आक्का.

"मेल्या, हळू लाय. चुरचुरता," ती म्हणाली. मग हसली. "माका पण राणी केलंस?"

मला हसू आलं नाही.

बाई आली. लांबूनच हात बघितले, कागदावर खुणा केल्या. मॅनेजरने मला पुढे ढकललं, कामगारांचा प्रतिनिधी म्हणून. वाचायला कागद दिला. अहो, दशावतारीला कागद? आमच्यात लिहिलेलं काही नसतं. उभं राहायचं आणि तिथल्या तिथे सुचेल ते बोलायचं. इथेच चुकला बिचारा.

"आम्ही येथे सुखात आहोत," एवढं वाचलं. आक्काकडे बघितलं. कागद खाली ठेवला. पेटीतून खोबरेलाची बाटली काढली. आम्ही रंग उतरवतो तो खोबरेलाने. आक्काचा हात धरला आणि पुसला.

बाईचं पेन थांबलं. "हे कशाने झालं?"

"तुमच्या काजूच्या तेलान," आक्का म्हणाली.

मॅनेजर ओरडत होता. बाई हळूच म्हणाली, "मग इथून माल घेणं बंद करावं लागेल."

आक्का उसळली. "बंद? आमी घराक, आनी तुमी दुसऱ्या गावात? थंय बायांक हात नसतत?"

बाईने पेनाला टोपण लावलं. मग मी राणीचा आवाज लावला, पल्लेदार. "बाईसाहेब, पळून जायचं नाही. माल घ्यायचा, आणि आधी मोजे आणायचे. हे हात तुमच्यासाठी भाजलेत."

त्याच दुपारी मला कामावरून काढलं. दुसऱ्या दिवशी सोळाही जणी फाटकाबाहेर बसल्या. मोजे आल्याशिवाय एक बी फोडणार नव्हत्या. मी त्यांच्यात.

जत्रेत राणी मी अजूनही होतो. पेटी तीच आहे. तिच्यातला रंग पुन्हा कुणाच्या भाजलेल्या हाताला लागणार नाही. आणि दुसऱ्या कुणी लावलाच, तर तेलाची बाटली घेऊन मी तिथे येईन.